पाऊस थांबला, आता निघा!

घानाला जायचं ठरलं की सल्ला एकच मिळतो: पावसाळा संपल्यावर जा. सल्ला बिनतोड आहे, फक्त कुठला पावसाळा ते विचारायचं नाही. देशाच्या उत्तरेला पावसाळा वर्षातून एकदा येतो, दक्षिणेला दोनदा. म्हणजे ऑगस्टमध्ये दक्षिणेतल्या अक्रात उघडीप असते, तेव्हा उत्तरेतल्या तमालेत धो धो सुरू असतो. जून ते सप्टेंबर एवढंच गणित पाठ असलेल्या आपल्याला पावसाळ्याचं अनेकवचन सुचत नाही. बरं, नोव्हेंबर सरता सरता दोन्हीकडे उघडलं असं धरू. पण पाऊस जाताना डबकी मागे ठेवून जातो, आणि मलेरियाचा डास कॅलेंडर पाहून काढता पाय घेत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग डिसेंबर-जानेवारी गाठा. गाठा की! रस्ते कोरडे असतात, मोले राष्ट्रीय उद्यानात हत्ती पाणवठ्यावर येतात, ही बाजू खरीच. मात्र त्याच सुमारास सहाराकडून हरमॅटन वारा धूळ घेऊन येतो. सूर्य ताकात बुडवल्यासारखा पांढुरका दिसतो, ओठ फुटतात आणि निळं आकाश माहितीपत्रकातच राहतं. थोडक्यात, निर्दोष महिना शोधणारा घरीच बसतो. त्यापेक्षा स्वतःची एक तारीख पाहावी. पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र टोचल्यावर 10 दिवसांनी लागू होतं. घानात शिरताना ते मागतात, आणि ते नसेल तर परतताना भारतही विलगीकरणात बसवू शकतो. ढगांची चौकशी नंतर, लस आधी.