काक्रापारचा मोर्चा बऱ्हाणपुरावर

फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातलं पाणी जपानने 24 ऑगस्ट 2023 पासून समुद्रात सोडायला घेतलं आणि तेव्हापासून बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याला चैन नाही. आमच्याकडे दरवाज्याशेजारच्या टपरीवर युक्रेनपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळे प्रश्न एका कटिंगमध्ये निकालात निघतात. शनवारा दरवाज्यातून एकाच वेळी दोन रिक्षा, केळीची एक गाडी आणि एक वरात कशी काढायची, एवढा एकच प्रश्न मोगलांच्या काळापासून प्रलंबित आहे. तेव्हा प्रशांत महासागराची जबाबदारी आपल्यावर येऊन पडणार हे ठरलेलंच होतं. दर काही महिन्यांनी जपान पाण्याचा नवा हप्ता सोडतो, मोबाइलवर बातमी येते आणि टपरीला पुन्हा ताप चढतो. या वेळी तर निषेध सभाच घ्यायची ठरली. वर्गणी सुरू झाली. ‘आजपासून समुद्राचा मासा वर्ज्य’ अशी घोषणा ज्या गुरुजींनी केली, ते चाळीस वर्षं माळकरी आहेत.

जपानची बाजू मांडायला शनवाऱ्यात कुणी तयार नाही, म्हणून ते पाप मी पदरात घेतो. 11 मार्च 2011 ला भूकंप झाला, त्सुनामी आली, तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. ते थंड ठेवायला पाणी ओतावं लागतं, त्यात पावसाचं आणि जमिनीतलं पाणी मिसळतं. हे सगळं साठवता साठवता आवारात हजाराहून जास्त टाक्या उभ्या राहिल्या आणि पाणी तेरा लाख टनांच्या वर गेलं. गाळणयंत्रणेतून काढलं की बहुतेक किरणोत्सारी द्रव्यं निघतात. ट्रिटियम मात्र निघत नाही, कारण ते खुद्द पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ठाण मांडून बसलेलं असतं. मग त्यात समुद्राचं पाणी घालून पातळ करायचं, लिटरमागे 1500 बेक्वेरलच्या खाली आणायचं आणि सोडायचं. जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्याचा आकडा 10,000 आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै 2023 मध्ये तपासून सांगितलं की माणसावर आणि निसर्गावर होणारा परिणाम नगण्य. हे काम तीसेक वर्षं चालणार आहे.

एवढं सांगेपर्यंत टपरीवरचे निम्मे लोक उठून गेले. आकडे ऐकले की आमच्याकडे माणसाला घरची कामं आठवतात.

तरी बरं, आकड्यांवर जगात कुठेच कुणाचा विश्वास नाही. पाणी शुद्ध आहे हे सिद्ध करायची जगन्मान्य पद्धत एकच, ती म्हणजे कॅमेऱ्यासमोर पुढाऱ्याने ते पिणे. फुकुशिमातलं शुद्ध केलेलं पेलाभर पाणी 2011 मध्येच यासुहिरो सोनोदा नावाच्या जपानी खासदाराने पत्रकारांसमोर पिऊन दाखवलं होतं. हात थरथरत होता, पण पेला रिकामा केला. पंतप्रधान किशिदांनी फुकुशिमाचा कच्चा मासा खाल्ला. कोरियाने तर कमाल केली. जून 2023 मध्ये सोलच्या नोर्यांगजिन मासळीबाजारात सत्ताधारी खासदारांनी माशांच्या टाकीत हात घालून ते पाणी प्यायलं, आणि तोवर जपानने एक थेंबही सोडलेला नव्हता. निष्ठा असावी तर अशी, प्रसाद निघण्याआधीच तीर्थ घेतलं. पाणी सुटलं त्याच दिवशी चीनने जपानी मासळी बंद केली आणि तिथल्या लोकांनी दुकानातलं मीठ उचलून घरात भरलं. चीनच्या काही अणुकेंद्रांतून जपानच्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त ट्रिटियम दर वर्षी निघतं, ही गोष्ट त्या मिठात विरघळली.

आपणही मागे नाही. जुलै 2022 मध्ये पंजाबच्या मुख्यमंत्र्यांनी काली बेईं नदीचं पेलाभर पाणी भाविकतेने प्राशन केलं. दोन-तीन दिवसांनी ते दिल्लीच्या रुग्णालयात दाखल झाले. दोन्हीचा काही संबंध आहे असं कुठल्या डॉक्टरने म्हटलेलं नाही, आपणही म्हणू नये.

सभेचा खर्च केळीवाले पाटीलभाऊ उचलणार होते. त्यांच्याशी माझं जमेनासं झालं ते बेक्वेरलवरून. केळ्यात पोटॅशियम असतं आणि पोटॅशियमचा अगदी थोडा भाग निसर्गतःच किरणोत्सारी असतो. एका केळ्यात साधारण 15 बेक्वेरल भरतात. बऱ्हाणपूरहून निघणारी केळीची गाडी म्हणजे शास्त्राच्या भाषेत किरणोत्सारी मालाची वाहतूक. परदेशी बंदरांवर चोरटं अणुसाहित्य पकडायला जी यंत्रं बसवली आहेत, ती केळ्यांच्या कंटेनरसमोर कधीकधी बोंबलतात. आणि ट्रिटियमचा मारा इतका दुबळा की फुकुशिमाचं ते पातळ केलेलं लिटरभर पाणी प्यायलं, तर कागदावरच्या हिशेबाने एका केळ्याहून कमी मात्रा बसते. हे मी पाटीलभाऊंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘हे सभेत बोलू नका. जळगावचे व्यापारी भाव पाडतील.’’

म्हणजे भीती खोटी? तसंही नाही. फुकुशिमाच्या मच्छीमारांना 2015 मध्ये लेखी वचन दिलं होतं की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय पाण्याची विल्हेवाट लावणार नाही. त्यांची समजूत पटली नाही, पाणी सुटलं. टाक्यांत फक्त ट्रिटियम उरलं आहे असं वर्षानुवर्षं सांगून झाल्यावर 2018 मध्ये कबूल केलं की बहुतेक टाक्यांमधल्या पाण्यात इतर द्रव्यंही मर्यादेच्या वर आहेत, ते पुन्हा गाळावं लागेल. एकदा असं झालं की पुढचा प्रत्येक खरा आकडा खोट्याच्या भावाने विकला जातो. आपल्या कोकणाला हे कुणी शिकवायला नको. जैतापूरच्या 9900 मेगावॅटच्या प्रकल्पाचं गरम पाणी समुद्रात गेल्यावर मासळीचं काय, हा प्रश्न माडबन आणि साखरी नाट्याच्या लोकांनी सरळ मराठीत विचारला होता. 18 एप्रिल 2011 ला नाट्यात पोलिसांचा गोळीबार झाला, एक माणूस गेला. प्रकल्प अजून कागदावर आहे, प्रश्नही. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून अरबी समुद्राच्या काठी आहे. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. शनवाऱ्यात त्यावर कधी निषेध सभा झाल्याचं आठवत नाही. मुंबईकडची भांडणं मुंबईकडच्यांनी बघावीत, आम्ही मध्य प्रदेशात आहोत. जपान मात्र जवळचा.

सभेची जागा ठरवायला आम्ही तापीच्या घाटावर गेलो तिथे घोटाळा झाला. काठावर स्टेज, समोर नदी, मागे बॅनर, असा बेत होता. जागा उत्तम होती, फक्त शेजारून नाला येत होता. काळसर पाणी, वर साबणासारखा फेस, त्यात थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेलं निर्माल्य आणि एक चप्पल. गाठ मात्र इतकी पक्की की देवालाही सुटू नये. हे सगळं कुठल्याही यंत्रणेतून न जाता, कुठल्याही खासदाराने न चाखता, थेट सूर्यकन्येच्या पायाशी. कुणीतरी म्हणालं, कॅमेरा जरा डावीकडे घ्या, नाला येणार नाही. लूमवाले चाचा नाक दाबत म्हणाले, ‘‘इसमें कितने बेक्वेरल हैं मियाँ?’’ कुणालाच सांगता आलं नाही. प्रदूषण मंडळ नमुने घेतं, आकडे कुठेतरी असतीलच. नेपानगर ते बऱ्हाणपूर हा तापीचा पट्टा प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत येऊनही गेला. पण तो आकडा टपरीपर्यंत पोचत नाही. जपानचा पोचतो. जपानची खरी चूक तीच आहे: त्याने पाणी मोजलं, वर जाहीर केलं. तारीख सांगितली, टन सांगितले, बेक्वेरल सांगितले. न सांगता सोडलं असतं, जसं आपण सोडतो, तर चीनला कळलं नसतं, मीठ संपलं नसतं आणि गुरुजींना मासे सोडावे लागले नसते.

आपल्या पूर्वजांनी अगोदरच सांगून ठेवलंय की पुण्य हवं तर गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं, तापीचं मात्र नुसतं स्मरण पुरे. आता कळतं, ती महती नव्हती, आरोग्य खात्याची सूचना होती.

अब्दुल रहीम खानखानाच्या काळातल्या लोकांना भीती होती की शत्रू नदीत विष कालवील. म्हणून 1615 च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून खेळवत शहरात आणलं. त्या कुंडी भंडाऱ्याच्या शंभरावर कुंड्या आजही उभ्या आहेत, युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचं नावही गेलं. चारशे वर्षं वाट पाहिली, शत्रू काही आला नाही. शेवटी काम आपल्यालाच करावं लागलं. आणि जुलै 2022 मध्ये बऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा झाला. गावागावांत घरोघरी नळ पोचला, अभिनंदन. घरात आलेलं जल घराबाहेर पडून कुठे जातं, याचं प्रमाणपत्र अजून कुणी मागितलेलं नाही.

जातं ते असं. बऱ्हाणपूरहून रावेरकडे, चांगदेवापाशी पूर्णेला भेटून हतनूरच्या धरणात, भुसावळच्या पुढे सगळा खानदेश ओलांडून उकाईत, आणि तिथून काक्रापारला. काक्रापार म्हटल्यावर टपरीवर कुणाच्याही भुवया हलल्या नाहीत. तापीच्या काठी अणुवीज केंद्र आहे, चार भट्ट्या आहेत, शेवटच्या दोन 700-700 मेगावॅटच्या, हे शनवाऱ्याला ठाऊक नाही. जड पाण्याच्या भट्ट्या त्या, म्हणजे ज्या ट्रिटियमसाठी आम्ही वर्गणी काढली तेच तिथेही तयार होतं. फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, 11 मार्च 2016 ला, तिथल्या पहिल्या भट्टीत जड पाण्याची गळती होऊन ती बंद करावी लागली. त्या दिवशी टपरीवर बहुधा क्रिकेट होतं.

गुरुजी एकदम उसळले. म्हणाले, मग निषेध जपानचा कशाला, काक्रापारचा करू! मी नदी कुठून कुठे वाहते ते सांगितलं. काक्रापार खाली आहे, आपण वर. त्यांचं पाणी सुरतेला जातं, आपल्याकडे चढत नाही. आपलं मात्र त्यांच्याकडे उतरतं. निषेध करायचा हक्क त्यांचा.

मग सगळ्यांना ते निवेदन डोळ्यांपुढे दिसू लागलं. महोदय, आमच्या भट्ट्या थंड करण्यासाठी आम्ही तापीमाईवर अवलंबून आहोत. आम्ही आमचं पाणी मोजून, मर्यादेत, नोंद करून सोडतो. आपल्या शहरातून येणाऱ्या पाण्यात नेमकं काय आहे ते कृपया कळवावं, म्हणजे आमच्या कामगारांना त्यापासून संरक्षक पोशाख देता येईल. थर्माकोल अर्धायुष्याच्या कुठल्या कोष्टकात बसवावं, याबाबत आमचे शास्त्रज्ञ गोंधळात आहेत. ट्रिटियम बारा वर्षांत निम्मं होतं, आपली ताटली होत नाही. निर्माल्याची गाठ सोडण्यासाठी पाठवलेल्या दोन अभियंत्यांनी बदली मागितली आहे. आठ दिवसांत खुलासा न आल्यास आम्ही केंद्राच्या दारात ‘बऱ्हाणपूरचं पाणी परत घ्या’ असं धरणं धरू.

यावर बराच खल झाला. खुलासा द्यायचा तर आधी आपल्याकडचं पाणी मोजावं लागेल, त्यात पडायला कुणी तयार होईना. शेवटी असं ठरलं की निवेदन यायच्या आतच शनवाऱ्याचं एक शिष्टमंडळ काक्रापारला जाईल आणि दोन किलो मावा जिलेबी, एक किलो दराबा देऊन गैरसमज दूर करील. पाटीलभाऊंनी केळ्यांचे चार घड देऊ केले होते, पण फाटकावर यंत्र वाजेल म्हणून ते नको असं ठरलं. गाडीचं डिझेल, जिलेबी आणि वाटेतलं जेवण जपानच्या निषेधाच्या वर्गणीतून भागवायचं. हिशेब गुरुजींकडे आहे, मासे सोडल्यामुळे त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला आहे.