बाजारात तुरी, हिरोशिमात तराजू

मूल पोटात आहे की नाही याचा पत्ता नाही, पण बारसं उरकलंय. नाव ठेवलंय ‘एनई’. घुगऱ्या वाटून झाल्या आणि आता पाहुणे बाळाच्या वजनावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातायत.

बाळ म्हणजे माझदा मियाटा या गाडीची पाचवी पिढी. दोन माणसांची, उघड्या टपाची, आणि स्पोर्ट्स कार असूनही नोकरदाराच्या आवाक्यातली ही गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. त्या पिढीचं भक्तांमधलं नाव एनए. मग एनबी, एनसी आणि २०१५ पासून एनडी. तेव्हा पाचवीचं नाव एनई असणार हे सांगायला ज्योतिषी नको, पहिलीतलं पोरही सांगेल. बाकी तिच्याबद्दल जे काही सांगितलं जातंय, ते सांगायला मात्र ज्योतिषीसुद्धा धजावला नसता.

मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. माझदाच्या मोटारी आपल्याकडे विकायला नाहीत. माझ्या पिढीला माझदा म्हटलं की स्वराज माझदा आठवते. वऱ्हाड तिच्यातून गेलं, शाळेची सहलही तिच्यातूनच गेली, आणि तिचं वजन विचारायचं कोणाला सुचलं नाही. माझदा हे नाव पारशांच्या अहुर मझ्दावरून आणि संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावावरून, असं दोन्हीकडून जुळवलेलं आहे. एकाच शब्दात देवही आला आणि मालकही. आपल्याकडे त्यासाठी पाटीवर दोन ओळी लागतात.

पण माझा पुतण्या मिशिगनला असतो. डेट्रॉइटच्या आसपास पुण्याहून गेलेले इंजिनियर मुबलक आहेत. गेल्या गणपतीत मी तिथे होतो. एका शाळेच्या हॉलमध्ये आरती चालू होती आणि बाहेर पार्किंगमध्ये दुसरीच आरती. चार बाप्ये, हातात प्रसादाचे द्रोण, मध्ये एक फोन. फोनवर एका मोटारीचा फोटो, अंगभर काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीचा कागद चिकटवलेला. नवी गाडी रस्त्यावर तपासताना आकार कळू नये म्हणून कंपन्या घालतात तो बुरखा. एकाने दोन बोटांनी मागचं चाक मोठं केलं.

“पाच नट.”

“चार.”

“पाच आहेत रे, मोज.”

“तो पाचवा खोबऱ्याचा तुकडा आहे.”

खोबरं खाल्लं. चारच निघाले. तर या चार नटांना फार महत्त्व आहे म्हणे. पहिल्या दोन पिढ्यांच्या चाकाला चार, तिसरीला पाच, चौथीला पुन्हा चार. चार म्हणजे गाडी हलकी, पाच म्हणजे घराण्याची अब्रू गेली. “पण ही मियाटाच कशावरून?” असं मी विचारलं. आरतीच्या मध्येच कोणी जेवायची चौकशी केल्यावर बघतात तसं चौघांनी माझ्याकडे बघितलं.

हे चौघेही दिवसभर गाड्यांचंच काम करतात. एक जण दाराचं रबर बघतो, एक जण एअरबॅगचं सॉफ्टवेअर. पोट डेट्रॉइटच्या दोन-दोन टनी पिकअपवर भरतं, जीव मात्र माझदाच्या हिरोशिमात अडकलेला. पाचवीकडून त्यांच्या अपेक्षा विशेष नाहीत. वजन कमी हवं, ताकद जास्त हवी. टर्बो नको, बॅटरी नको, हायब्रिडचं नाव काढायचं नाही. गिअर हाताचाच. आत पाय पसरायला जागा, पण बाहेरून लांबी वाढता कामा नये. समोर मोठा स्क्रीन नको, फोन मात्र बिनतारी जोडता आला पाहिजे. हेडलाइट पहिलीसारखे, बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर येणारे. आणि हे सगळं तीस हजार डॉलरच्या आत.

त्यात २०२३ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या प्रदर्शनात माझदाने ‘आयकॉनिक एसपी’ नावाची लालभडक नमुन्याची गाडी मांडली. दिसायला अशी की बघणाऱ्याने उगाच गाडीच्या चाव्या चाचपाव्यात. पण ताकद ३७० अश्वशक्ती, वीज करायला दोन रोटरचं इंजिन, आणि वजन १,४५० किलो. तेव्हापासून पंथात फूट पडलीये. एक फळी म्हणते, हीच ती. दुसरी फळी म्हणते, जपानात आज विकली जाणारी सर्वांत हलकी मियाटा १,०१० किलोची आहे, मधले ४४० किलो कुठून आणले? ४४० किलो म्हणजे चांगली धष्टपुष्ट म्हैस. म्हैस डिकीत घालून घाटात वळणं घेता येत नाहीत, हे या फळीचं म्हणणं मलाही पटतं. पुढे कंपनीने सांगितलं की २.५ लिटरचं नवं इंजिन २०२७ मध्ये सीएक्स-५ मध्ये येईल. सीएक्स-५ हे शब्द कोणाच्या कानात शिरलेच नाहीत. इंजिन लगेच मियाटात बसवून झालं, आणि त्याचा आवाज कसा असेल यावर मुद्देसूद वाद सुरू झाला.

वजनाचं हे वेड कंपनीनेच लावलंय म्हणा. तिसऱ्या पिढीचे प्रमुख ताकाओ किजिमा यांनी ‘ग्रॅम स्ट्रॅटेजी’ काढली होती, म्हणजे किलो सोडा, ग्रॅम मोजा. आतल्या आरशातूनसुद्धा काही ग्रॅम काढले. तरी लोकांनी तिसरीला जाडी म्हणून हिणवलं ते हिणवलंच. आता पंधरा-वीस वर्षांनी तीच कशी गुणी होती, सासरच्यांनी तिचं चीज केलं नाही, असा सूर ऐकू येतो. चौथीवरही आल्या आल्या नाकं मुरडली होती. आज ती सती सावित्री आहे, कारण पाचवी येऊ घातलीये.

चौघांपैकी एकाकडे पहिल्या पिढीची मियाटा होती. “काका, बसा तर खरं,” म्हणाला. मी बसलो म्हणण्यापेक्षा गाडी नेसलो, आणि निऱ्या जरा चुकल्या. माझं वजन ८६ किलो, वर नुकतेच खाल्लेले दोन उकडीचे मोदक. हिरोशिमाने वर्षानुवर्षं वेचून काढलेले ग्रॅम मी एका बैठकीत परत केले. मग तो मला घेऊन एक चक्कर मारून आला. वेग फार नव्हता, पण बूड रस्त्याच्या इतकं जवळ की डांबराचा पोत कळत होता. शेजारून ट्रक गेला, तेव्हा त्याचं चाक माझ्या डोळ्यांसमोर फिरलं. सिग्नलला थांबल्यावर मी नट मोजले. दहा. त्या दहा मिनिटांत ही माणसं अशी का झाली हे मला समजलं, आणि उतरायला दोघांनी हात दिल्यावर ती समज ओसरली.

कंपनी आपलं ऐकेल हे यांच्या डोक्यात भरवलं ते इतिहासाने. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी बॉब हॉल नावाचा अमेरिकन मोटार-पत्रकार माझदाच्या केनिची यामामोटो यांना भेटला. जपानी त्याला फर्डी येत होती. इंग्रजांच्या जुन्या उघड्या टू-सीटर गाड्या संपत चालल्यात, तुम्ही तशी एक साधी आणि स्वस्त बनवा, असं त्याने सुचवलं. यामामोटो यांनी ते डोक्यात ठेवलं. पुढे हॉल माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीतच नोकरीला लागला. टोकियोच्या चमूचे आराखडे आणि कॅलिफोर्नियाचा इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना असा आराखडा यांच्यात चुरस झाली आणि कॅलिफोर्निया जिंकलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. एका पत्रकाराने फुकट दिलेला सल्ला एका कंपनीने ऐकला! मी पस्तीस वर्षं फुकट सल्ले देतोय, आमच्या कोपऱ्यावरचा गतिरोधक एक वीत हललेला नाही. पण गावात एकाला लॉटरी लागली की पुढची चाळीस वर्षं सगळं गाव तिकिटं काढतं, तसं झालंय. पार्किंगमधला प्रत्येक जण मनातून बॉब हॉल आहे.

तिकिटाचे पैसे मात्र कोणी काढत नाही. १९८९ मध्ये मियाटा १३,८०० डॉलरला होती. महागाई धरली तर ते आजचे ३५ हजारांच्या आसपास होतात, आणि आजची गाडी साधारण तीस हजारांपासून मिळते. म्हणजे गाडी स्वस्त झालीये. तरी महाग झाली म्हणून ओरडा आहे, आणि ओरडणाऱ्यांच्या हातात पावती कुठल्याच सालाची नाही. १९९० मध्ये अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त मियाटा खपल्या. २०२२, २०२३, २०२४ ही तिन्ही वर्षं दहा हजारांच्या आत आटोपली. त्याच माझदाची सीएक्स-५ ही कुटुंबवत्सल गाडी २०२४ मध्ये सव्वा लाखाहून जास्त गेली. यात अमेरिकेला हसण्यात अर्थ नाही. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आपल्या गोव्यातही दोन सीटांची सॅन स्टॉर्म बनत होती, फायबरचं अंग, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. आम्ही सगळे “वा!” म्हणालो आणि मारुती घेऊन आलो.

विसर्जनानंतर घरी निघालो. पुतण्या पोरीला मागच्या सीटवर पट्ट्यात अडकवत होता. गाडी सीएक्स-५.

“मग पाचवी आली की तू घेणार ना?” मी विचारलं.

“काका, पहिल्या वर्षाचं मॉडेल कोणी घेतं का? सगळ्या खोड्या त्यातच निघतात.”

“दुसऱ्या वर्षी घे.”

“त्यापेक्षा पाचवी आली ना, की चौथीचे भाव उतरतील. तेव्हा जुनी चौथी घेईन. कमी चाललेली.”

“म्हणजे चौथी आज कोणीतरी नवी घेतली पाहिजे.”

“घेतात की लोक.”

“कोण घेतं?”

दोन सिग्नल तो काही बोलला नाही. तिसऱ्याला आरशातून पोर झोपली का ते बघितलं आणि हळूच म्हणाला, “तुमच्या वयाचे, काका. पोरंबाळं मार्गी लागलेले.”

मी मांडीवरचा मोदकांचा डबा घट्ट धरला आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.