आणि मुलगे, लंडन

ग्रँड पियानोला तीन पाय असतात, आणि आमच्या हॉलमध्ये त्यातल्या एकालाही जागा नव्हती.

हॉल सोळा बाय अकरा. त्यात सोफा, टीव्ही, जेवणाचं टेबल, वडिलांच्या वेळची आरामखुर्ची आणि कोपऱ्यात आईची पेटी. कर्वेनगरात, वनदेवीच्या मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर, दुसरा मजला. एवढ्या भांडवलावर आमच्या कन्येने पाचव्या ग्रेडची परीक्षा पास झाल्याच्या संध्याकाळी जाहीर केलं की आता कीबोर्डवर भागायचं नाही, आणि उभ्या पियानोवरही नाही. उभ्या पियानोत हातोडी मागे यायला स्प्रिंगची मदत लागते, ग्रँडमध्ये ती स्वतःच्या वजनाने खाली पडते. शिवाय 1821 साली पॅरिसच्या एरारने अशी काही करामत करून ठेवली आहे, की पट्टी पुरती वर यायच्या आत तोच सूर पुन्हा वाजवता येतो. तोच सूर इतक्या घाईने पुन्हा कशाला वाजवायचा, हे मला कळलं नाही. पण मी बँकेत काउंटरवर तीस वर्षं काढली आहेत. तेच उत्तर त्याच माणसाला लागोपाठ द्यायची सोय असावी, हे मला तत्त्वतः मान्य आहे.

नव्याची किंमत विचारून आलो. सांगण्याआधी दुकानातल्या मुलाने मला बसायला स्टूल दिलं, तेव्हाच ओळखलं. जुना घ्यायचा ठरलं.

लहान ग्रँड म्हणजे साधारण पाच फूट लांब आणि जवळजवळ तेवढाच रुंद. कन्येने जुन्या वर्तमानपत्रांचे ताव चिकटवून त्या आकाराचा कागदी पियानो कापला आणि हॉलमध्ये पसरला. आठवडाभर त्याला खरा मानून वागायचं, असं ठरलं. सोफा गॅलरीच्या दाराला लागला. टेबलाची एक बाजू भिंतीला गेल्यामुळे चौघांतला एकजण आळीपाळीने उशिरा जेवू लागला. पाहुणे यायचे, कागदाला वळसा घालून आत यायचे आणि कुणी काही विचारायचं नाही. पुण्यात दुसऱ्याच्या घरात कागद का पसरलाय हे विचारत नाहीत, बाहेर जाऊन बोलतात. तिसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी पियानो गोळा करून रद्दीत टाकला. चौथ्या दिवशी दुसरा कापला.

बायकोचा विरोध जागेपायी नव्हता, सिनेमापायी होता. 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसला, 'संगम'मध्ये राज कपूर बसला, 'ब्रह्मचारी'त शम्मी बसला. काय झालं? भरल्या पार्टीत कुणाचं तरी मन मोडलं, आणि ज्याच्यासाठी गाणं चाललंय त्याला सोडून बाकी सगळ्यांना ते कळलं. "पेटीवर बसून असलं कुणी केल्याचं ऐकलंय का?" हा तिचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

आईचा विरोध जास्त शास्त्रीय होता. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. पेटी वाजवते, गाते, पूर्वी शिकवायचीही. "1940 साली रेडिओने पेटीला बंदी घातली," ती म्हणाली, "का, तर तिला मींड येत नाही आणि श्रुती दाखवता येत नाहीत. तीस वर्षं बिचारी स्टुडिओच्या दाराबाहेर. आणि तिच्या थोरल्या चुलत बहिणीला तुम्ही खुशाल हॉलमध्ये बसवताय? हिला तर सूर लांबवताही येत नाही. एकदा वाजला की मरायलाच लागतो." हे अगदी खरं आहे. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की प्रत्येक सूर थोडाथोडा बेसूर होतो आणि सगळेच सारखे बेसूर असल्यामुळे कुणाची तक्रार राहत नाही. साहेबाने राज्यही याच तत्त्वावर चालवलं असावं.

सोसायटीचे चेअरमन पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. त्यांच्या कानावर बातमी आमच्या आधी पोचली, आणि तीही कन्येकडून, लिफ्टमध्ये. तिने उत्साहाने सांगितलं की पियानोत दोनशे तीसच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टन भरतो. काकांनी त्यातलं 'ताण' सोडून दिलं आणि 'टन' तेवढं घेतलं. संध्याकाळी नोटीसबोर्डावर कागद: दुसऱ्या मजल्यावर वीस टन वजनाची यंत्रसामग्री आणण्यापूर्वी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी.

मी समजावायला गेलो. ताण आतल्या आत असतो काका, तो ओतीव लोखंडाची एक चौकट पेलते, जमिनीपर्यंत पोचतच नाही. वजन म्हणाल तर अडीचशे किलोच्या पुढेमागे. काकांनी चष्मा लावला. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो धरून करतात, ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्या सत्यनारायणाला हॉलमध्ये चाळीस माणसं बसतात, त्यांचं वजन करा. "माणसं प्रसाद घेऊन घरी जातात," काका म्हणाले, "हा जाणार आहे का?" अखेर स्वतः येऊन, कागदी पियानोच्या तिन्ही पायांवर आळीपाळीने उभं राहून त्यांनी दोन पाय बीमच्या रेषेत सरकवले आणि परवानगी दिली. कागद अर्धा फूट हलल्यामुळे टीव्ही दिसेनासा झाला, ते वेगळं.

मग शोध. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्याच 1853 साली बर्लिनमध्ये बेकश्टाइन, लायपझिगमध्ये ब्ल्यूटनर आणि न्यूयॉर्कमध्ये स्टाइनवे, असे तीन मोठे पियानोवाले धंद्याला लागले. पुढची शंभर वर्षं त्यांचे आणि लंडनवाल्यांचे पियानो बोटीने मुंबईला उतरत राहिले. साहेब गेला, पियानो राहिले. ते आता कुठे आहेत, हे ज्याला ठाऊक असतं त्याला पियानो ट्यूनर म्हणतात. आम्हाला कॅम्पातले एक अंकल भेटले. साठीचे, कमी बोलणारे, हातात कायम एक चामडी पिशवी. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की पॉलिश पाहायचं नाही, ते तर शवपेटीलाही असतं.

पहिला प्रभात रोडच्या एका बंगल्यात. वर चांदीच्या फ्रेममधले पूर्वज, खाली साटिनवुड. अंकलनी झाकण उचललं, बॅटरी मारली आणि बॅटरी माझ्या हातात दिली. हातोड्यांना लावलेलं नमद्यासारखं फेल्ट लोकरीचं असतं. ते उंदरांनी कुरतडून, मंद्र सप्तकात एक सुरेख बाळंतिणीची खोली केली होती. दुसरा गोव्याहून, फोटोतून. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, म्हणजे खऱ्या हस्तिदंताच्या. ते ऐकून बायकोने हत्तीच्या बाजूने मत दिलं. अंकलनी फोटो मोठा करून तारांवरचा गंज दाखवला आणि फोन परत दिला.

तिसरा मात्र उत्तम होता. मुंबईत, जपानहून आलेला वापरलेला यामाहा. मालिका क्रमांकावरून वर्ष सांगता येतं, प्रत्येक पट्टी एकसारखी उठते, कन्येचा चेहरा उजळलेला. यामाहाची हकिकत मला आवडते. तोराकुसू यामाहाने 1887 साली एका शाळेची बिघडलेली पायपेटी दुरुस्त केली आणि तिथून त्याला स्वतः वाद्यं बनवायचा नाद लागला. आपण बनवलेली पेटी तज्ज्ञांना दाखवायला त्याने आणि एका सोबत्याने ती कावडीसारखी खांद्यावर घेऊन, हाकोनेचा घाट चढून टोकियोपर्यंत नेली. पेटीवाला निघाला म्हटल्यावर आईचाही विरोध मावळला. पण वाद्य सहा फूट एक इंच होतं. आम्ही घरी येऊन कागदाला शेपूट जोडलं, तर ते स्वयंपाकघराच्या दारात गेलं. कागदाने नकार दिला. वर्तमानपत्राचं इतकं आम्ही पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

चौथा कॅम्पात, ईस्ट स्ट्रीटच्या मागे. ऐंशी ओलांडलेल्या पारशी बाई, उंच छताची खोली, त्यात एक काळा बुटका पियानो. बरोबर पाच फूट. वर सोनेरी अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव, पण पुसून पुसून बापाचं नाव गेलेलं. फक्त 'अँड सन्स, लंडन' एवढंच शिल्लक. वाडवडिलांचं नाव पुसून मुलगे मिरवणारी घरं पुण्यातही आहेत, पण इतक्या उघडपणे नाही.

बाईंनी किमतीबद्दल एकच वाक्य बोलून आमची चौकशी आरंभली. घरात मांजर आहे का? खिडकी कुठल्या बाजूला? वर फुलदाणी ठेवणार का? बायकोने फुलदाणी, विणलेला रुमाल आणि त्यावर गौरी-गणपती एवढं सगळं मनात मांडलेलं होतं. तिने मान हलवून नाही म्हटलं.

अंकलनी पिशवी उघडली. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या एकेक करून वाजवल्या. प्रत्येक खुंटीला पाना लावून थोडी दाबून पाहिली, कारण खुंटीचं लाकूड सैल असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग माझ्या वयाचा विचार न करता मला पियानोखाली झोपवलं आणि लाकडी पडद्यात चिरा मोजायला लावल्या. दोन होत्या, दोन चालतात. आत पितळी स्क्रू दिसले. आपल्या दमट हवेत नुसता सरस धरत नाही, म्हणून हिंदुस्थानात पाठवायचे पियानो असे जागोजागी स्क्रू मारून पाठवत. अंकल पहिल्यांदा हसले. मग त्यांनी ट्यूनिंगचा काटा गुडघ्यावर आपटला, पट्टी दाबली आणि हसू गेलं.

"अर्धा सूर उतरलाय. पांढरी सहा चारशे चाळीसला पाहिजे, इथे चारशे पंधरा. वर्षानुवर्षं कुणी ओढलेला नाही. आता ओढला तर जुन्या तारा पटापट तुटतील. आहे तिथेच ठेवून आपसात जुळवता येईल. पण बासरीवाला, व्हायोलिनवाला कुणी सोबतीला आला, की भांडण."

कन्येचं तोंड उतरलं. मी मनात वर्तमानपत्रं घडी करून ठेवली. तेवढ्यात आई उठली. तिला खरं तर आम्ही कॅम्पातली श्रुजबेरी बिस्किटं घ्यायला म्हणून सोबत आणलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आई आयुष्यभर काळी पाचमध्ये गायली. तिच्या पिढीतल्या गाणाऱ्या बायकांत हा मानाचा मुद्दा. दहा वर्षांपूर्वी आवाज उतरला. डॉक्टर म्हणाले वय, तिच्या मैत्रिणी म्हणाल्या पांढरी सहा घे. तिने काही घेतलं नाही. पेटीला फडकं घातलं आणि गुणगुणायची ती सुराशिवाय, स्वयंपाकघरात.

ती पियानोपाशी गेली आणि उभ्यानेच काळी पाच दाबली. ऐकली. पुन्हा दाबली. मग षड्ज लावला, पंचमाला गेली आणि तार षड्जाला पोचून तिथे सावकाश थांबली. सूर कुठेही हलला नाही. कन्येच्या फोनवर सूर दाखवणारं ॲप चालू होतं. काटा पांढरी सहावर होता. तिने ते पाहिलं, मला दाखवलं आणि फोन पालथा ठेवला. पारशी बाईंनी किंमत आपणहून कमी केली.

"हाच," आई म्हणाली. "बाकी सगळे जरा चढेच असतात."

आणायची हकिकत थोडक्यात. पाय काढले, झाकण काढलं, धड आडवं करून फळीला बांधलं, गोधड्या गुंडाळल्या. आमच्या लिफ्टवर सहा माणसं, चारशे आठ किलो असं लिहिलंय. वजनात तो बसत होता, दारात नाही. सहा हमालांनी जिन्याने नेला. प्रत्येक लँडिंगवर चेअरमनकाका भिंतीला हात लावून पाहत होते. टेम्पोला कॅम्पातून कर्वे रस्त्याने घरी यायला पावणेदोन तास लागले. महर्षी कर्व्यांचा आश्रम 1900 साली इथे, तेव्हाच्या हिंगण्याच्या माळावर आला. ते फर्ग्युसनात गणित शिकवून इथवर पायी येत. त्या दिवशी ते सोबत निघते तर आमच्या आधी पोचून चहा ठेवते.

पहिले पंधरा दिवस हवेची सवय व्हायला म्हणून त्याला नुसता उभा ठेवला. मग अंकल आले, तारा आपसात जुळवून गेले. घरात त्याला आता सगळे 'मुलगे' म्हणतात. "मुलग्यांवर डबा ठेवू नका." कन्या सकाळी वाजवते. संध्याकाळी आई 'सा' दाबून गायला बसते. काळी पाच. तिच्या मैत्रिणी ऐकायला येतात, पट्टीकडे पाहतात आणि काही बोलत नाहीत.

पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी पितं आणि पियानो किंचित चढतो. श्रावणात आईचा घसा बसला. तो दिवाळीच्या सुमारास सुटला.

गेल्या आठवड्यात अंकलचा फोन आला. मुंबईत चांगल्या जर्मन तारा मिळतायत, सगळ्या बदलून पियानो चारशे चाळीसला आणता येईल. फोन आईने घेतला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आपसात जुळवायला जरूर या," ती म्हणाली, "पण अर्धा सूर वर न्यायचा विषय या घरात पुन्हा काढू नका."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

टीव्ही अजून दिसत नाही.