हिशेब न पाहणाऱ्या विश्वस्तांस अनावृत पत्र

प्रति,
कोसाड व परिसरातील सार्वजनिक न्यासांचे सन्माननीय विश्वस्त यांस

विषय: न वाचता सही करण्याच्या परंपरेबद्दल अभिनंदन

सुरतेत तापीच्या उत्तरेला, अमरोलीला लागून असलेल्या कोसाडमधील ज्या विश्वस्तांनी ताळेबंदाचे पहिले पान उलटण्याआधीच शेवटच्या पानावर सही करण्याचे कौशल्य आत्मसात केले आहे, त्यांचा गौरव आजवर कोणी केला नाही, ही खेदाची बाब आहे. सार्वजनिक न्यास म्हणजे लोकांच्या धार्मिक वा धर्मादाय हितासाठी काहीजणांच्या हाती सोपवलेली मालमत्ता. मात्र हे हात केवळ हार स्वीकारण्यासाठी असतात, असा समज रूढ झाल्यामुळे कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हिशेबनिसाच्या कपाटात निर्धास्त झोपलेली असते.

या निद्रेत व्यत्यय आणणारा कायदा जुना आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 साली झाला आणि 1960 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाल्यावरही तो गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत, पुढे नावे बदलून का होईना, चालू राहिला. त्यामुळे नंदुरबारहून सुरतेत येऊन विश्वस्त झालेल्या गृहस्थास नवख्या कायद्याची सबब सांगण्याची सोय उरलेली नाही. या अधिनियमाच्या कलम 32 नुसार नियमित हिशेब ठेवण्याचे कर्तव्य विश्वस्तावर आहे, पगारी हिशेबनिसावर नाही. कलम 33 दरवर्षी हिशेबांचा ताळमेळ घालून त्यांचे लेखापरीक्षण करून घेण्यास सांगते, तर कलम 34 लेखापरीक्षकाकडून आणखी एक असभ्य अपेक्षा ठेवते: अनियमित वा बेकायदेशीर खर्च, वसूल न केलेली येणी आणि पैशांची नासाडी यांची नोंद त्याने करावीच, शिवाय हे विश्वस्तांच्या गैरवर्तनामुळे घडले काय, हेही लिहावे. ज्यास दरवर्षी चहा पाजला जातो, त्याने असे लिहिणे कितपत शोभते, हा प्रश्न विश्वस्तांना पडणे स्वाभाविक आहे.

गुंतवणुकीच्या बाबतीत तर कायद्याने नातेसंबंधांचा मुळीच आदर राखलेला नाही. न्यासाची शिल्लक रक्कम अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे अशा ठरावीक ठिकाणीच ठेवावी, असे कलम 35 सांगत असल्याने, अध्यक्षांच्या भाच्याच्या जरीच्या कारखान्यात ती भरघोस व्याजाने गुंतवण्याची उदात्त योजना त्यात बसत नाही. अर्थात मान्यताप्राप्त बँक निवडली म्हणजे डोळे मिटता येतात, असेही नाही. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक 2001 साली कोलमडली आणि तिच्याकडे ठेवी ठेवणाऱ्या इतर सहकारी बँकांचेही पैसे अडकले. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना स्वतःचाच पैसा ठरावीक मर्यादेपलीकडे काढता येईना. ठेव कोठे आहे, किती आहे आणि ती एकाच बँकेत का आहे, हे विचारणारा विश्वस्त बैठक लांबवतो खरा. पण ते विचारणे हेच त्याचे काम आहे.

कोऱ्या धनादेशांवर आगाऊ सह्या करून ठेवण्याच्या प्रथेविषयी अधिक काय लिहावे? दोन सह्यांची अट एकाने दुसऱ्याचा व्यवहार तपासावा म्हणून असते, आणि दोन्ही सह्या एकाच दुपारी, एकाच पेनाने पूर्ण झाल्या की त्या अटीचा प्रश्न कायमचा सुटतो. यातून नुकसान झालेच, तर निष्काळजीपणा वा विश्वासभंग यांची चौकशी होऊन कलम 40 व 41 नुसार जबाबदार व्यक्तीवर अधिभार, म्हणजे ते नुकसान तिच्याकडून भरून घेण्याचा हुकूम, लागू होऊ शकतो. विश्वस्तपद मानद आहे, अधिभार मानद नाही.

तरीही परंपरा जपायचीच असल्यास एक विनंती आहे. पुढील बैठकीत कोणा विश्वस्ताने पासबुक कीर्दीशेजारी उघडून दोन्ही ताडून पाहण्याचा प्रस्ताव मांडला, तर तो बहुमताने फेटाळावा आणि प्रस्तावकाच्या नावासह इतिवृत्तात अवश्य नोंदवावा. चौकशी लागल्यावर ती नोंद त्या एकट्याच्याच उपयोगी पडेल.

कळावे.