सद्गुणाच्या तासाला भूमिती

आमच्या शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा असे. म्हणजे वेळापत्रकात असे. प्रत्यक्षात गणिताचे सर येत, पोर्शन राहिलाय म्हणत, आणि फळ्यावरच्या ‘नेहमी खरे बोलावे’वर डस्टर फिरवून तिथे चौरस आखत. सद्गुण बिचारा लग्नातल्या लांबच्या काकांसारखा, कुरकुर न करता पुढची खुर्ची सोडून मागे जाई.

पुढे प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद वाचताना सर आठवले आणि हसू आलं. त्यातला मेनो हा थेसलीचा देखणा, श्रीमंत तरुण सॉक्रेटिसला विचारतो, सद्गुण शिकवता येतो, सरावाने येतो, की उपजतच असतो? सॉक्रेटिस म्हणतो, बाबा रे, सद्गुण म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही. मेनो भराभर सांगतो, पुरुषाचा वेगळा, बाईचा वेगळा, पोराचा वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा. एक मागितला तर मधमाश्यांचं मोहोळच आणलंस की, इति सॉक्रेटिस. थोड्याच वेळात मेनोची वाचा बसते. आणि मग चक्क भूमितीचा तास सुरू होतो! मेनोच्या एका गुलाम पोराला बोलावून दोन फुटी चौरस दाखवतात, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा काढ म्हणतात. पोरगं बाजू दुप्पट करतं, चौरस होतो चौपट. तीन फुटी करून बघतं, तर नऊ येतात, हवे असतात आठ. शेवटी देवाची शपथ घेऊन सांगतं, मला नाही माहीत. तिथून पुढे त्याला कर्ण सापडतो.

वर्गाचा निकाल मात्र यथातथाच. मेनो इ.स.पू. 401 मध्ये इराणी राजपुत्र सायरसच्या मोहिमेत भाडोत्री सैन्याचा सेनानी म्हणून गेला. तो लोभी आणि मित्रांना फसवणारा होता, असं इतिहासकार झेनोफन लिहितो. या संवादात मध्येच येऊन रागावलेला अनिटस इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसविरुद्धच्या फिर्यादींत उभा राहिला. पोराचं काय झालं, कोण जाणे. प्लेटोने त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही.

आमच्या वर्गातही असा एकजण होता, शेवटच्या बाकावरचा. सरांनी “कळलं?” विचारलं की आम्ही पन्नासजण एका सुरात “हो सर” म्हणायचो, अर्धं लक्ष घंटेकडे. एका शुक्रवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, “नाही कळलं, सर.” पाऊस होता, दप्तरं भरलेली होती, सगळ्यांनी वळून त्याच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. फळ्यावर, डस्टर नीट न फिरल्यामुळे, ‘खरे बो’ एवढं अजून दिसत होतं. त्याच्या शेजारी त्यांनी तो चौरस पहिल्यापासून आखायला घेतला.