जरा एक टोक धर

नानांच्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काय करतोयस? काही नाही ना? मग ये, जरा एक टोक धर."

हे टोक कधी फळीचं असतं, कधी टेपचं, कधी नुसत्या सुतळीचं. पाच मिनिटांचं काम म्हणून माणूस जातो आणि तिथेच जेवून, दोनदा चहा पिऊन, केसांत भुसा घेऊन दिवेलागणीला घरी परततो. आगाशीकडच्या आमच्या आळीतल्या एकूण एक पुरुषानं नानांचं एकेक टोक धरलेलं आहे. कुरिअरवाला पोरगाही सुटला नाही. सही घ्यायला आला आणि अर्धा तास सागाची तुळई पोटाशी धरून उभा राहिला.

सुतार बोलावणं ज्यांना शरणागती वाटते, अशा जातीचे नाना आहेत. तुमच्याही नात्यात एखादे असणारच. नोकरी फोर्टातल्या कचेरीत, फायलींत. जाऊन येऊन विरार लोकल, आणि तीन जणांच्या बाकावर बहुतेक वेळा चौथी सीट, म्हणजे एक मांडी बाकावर आणि दुसरी हवेत. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात, नानांनी रंधा विकत घेतला. उरलेलं आयुष्य दोन्ही मांड्या टेकवून काढायचं, आणि टेकवायच्या त्या आपण स्वतः केलेल्या लाकडावर, एवढंच त्यांचं म्हणणं.

काकूंची अट एकच होती, रंधा उंबऱ्याच्या आत येणार नाही. म्हणून नानांनी उंबऱ्याबाहेर बस आणली.

भंगारात निघालेली एसटी. इंजिन नाही, चाकं नाहीत, सीटा नाहीत. ट्रेलरवरून वाडीत शिरताना तिनं केळीची आख्खी ओळ आडवी केली आणि मग चिऱ्याच्या ठोकळ्यांवर जी बसली ती बसलीच. सुरुवातीला आळीत फार चेष्टा झाली. काकूंनी तर पेपरातली बातमीच वाचून दाखवली, की पुण्यात 2016 पासून जुन्या बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं केली आहेत. "त्या बसचा निदान लोकांना उपयोग तरी होतो," असं त्या म्हणाल्या. नानांनी ऐकलं नाही. पुढच्या दारापासून मधल्या खिडकीपर्यंत बैठक आणि मागे बेडरूम, असा नकाशा त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढलेला होता.

पहिली बेडरूम प्लायची केली होती. ती एका पावसाळ्यात गेली. वसईचा पावसाळा; छताच्या एका रिव्हेटमधून आत आला आणि पलंगाच्या कडा पापडासारख्या फुगल्या. त्या दिवसापासून नानांनी प्लायशी वैर धरलं. आता कुणाच्याही घरी गेले की आधी कपाटावर बोटाच्या पेरानं टकटक करतात, कान लावतात आणि दुखवट्याला आल्याच्या आवाजात म्हणतात, "प्लाय." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते, तेव्हा पोहे यायच्या आत त्यांनी टीपॉय उलटा करून पाहिला. परतताना गाडीत सगळे त्यांच्या मताकडे डोळे लावून बसले होते. नाना म्हणाले, "मुलगी छान आहे. पण घरात सगळा सनमायका." लग्न झालं. नव्या सुनेला नानांनी शिवणीच्या लाकडाचे दोन पाट दिले आणि ते भिंतीवर टांगायचे नसून त्यांवर बसायचं असतं, हेही समजावून सांगितलं.

तर ही दुसरी बेडरूम. या वेळी अस्सल लाकूड, आणि तेही जुनं. आमच्याकडे वाड्यांतली जुनी घरं उतरवून तिथे टॉवर उठताहेत. घर पाडायला लागले की नाना तिथे उभे. कौलं, दारं-खिडक्या घ्यायला इतर लोक येतात, नानांचं लक्ष तुळयांवर. जुन्या सागात तेल मुरलेलं असतं, वाळवी सहसा वाटेला जात नाही, आणि इतकी वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड आता कशाला वाकडं होतंय, असं त्यांचं गणित. ते बरोबरही आहे. फक्त तुळईत खिळे असतात. वरून काळा ठिपका दिसतो, आत बोटभर लोखंड, आणि एका खिळ्यानं रंध्याचं पातं कामातून जातं. म्हणून नानांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं आहे. तुळई दोन घोड्यांवर आडवी ठेवून ते चुंबक तिच्या अंगावरून इतकं सावकाश फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टर छाती तपासताहेत. मध्येच हात अडतो. "सापडला!" मग पटाशीनं भोवती कोरून, चिमट्यानं खिळा उपसायचा. हातानं ठोकून केलेले जुने चौकोनी खिळे निघतात. ते टाकायचे नाहीत. ते बोर्नव्हिटाच्या डब्यात जातात. डबा भरला की दुसरा डबा. काकूंच्या स्वयंपाकघरात हल्ली डाळी पिशव्यांत असतात.

बसमध्ये लाकूडकाम म्हणजे काय प्रकार आहे, हे टोक धरल्याशिवाय कळत नाही. "काटकोन शोधून दाखव, पाचशे रुपये देतो," असं नाना प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पाचशे रुपये अजून कुणाला मिळालेले नाहीत. बस आतून साडेसात फूट रुंद, पण ती खिडकीखाली. खिडकीच्या वर भिंत छताकडे आत कलत जाते, मागचे कोपरे गोल, आणि जमिनीवर चाकाचा उंचवटा. घरातलं सरळ कपाट आत नेऊन भिंतीला लावलं तर डोकं आधी टेकतं आणि पाय चार बोटं अलीकडेच राहतात. म्हणून नानांनी गुण्या खुंटीला टांगला आणि पुठ्ठा हातात घेतला. पुठ्ठा भिंतीलगत उभा करायचा, लहानशा ठोकळ्याला पेन्सिल बांधायची आणि ठोकळा भिंतीला टेकवून वरून खाली सरकवत न्यायचा. भिंतीची सगळी वळणं पुठ्ठ्यावर उतरतात. कापायचं, लावून बघायचं, दोन सूत कमी, पुन्हा कापायचं. नवा टीव्ही आला त्याच रात्री त्याचा खोका कपाटाच्या डाव्या बाजूचा साचा झाला. वॉरंटीसाठी खोका जपायचा असतो असं काकू म्हणाल्या, तेव्हा नाना म्हणाले, "साग असता तर वॉरंटी लागलीच नसती." टीव्ही सागाचा कसा असेल, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

नानांच्या जगात इंच नाही, सूत आहे. इंचाचे आठ सूत. "दोन सूत" हा त्यांचा शोकही आहे आणि आनंदही. पाय दोन सूत आखूड झाला की दिवसभर जेवण जात नाही. खाचेत कुसू दोन ठोक्यांत, ना सैल ना घट्ट बसलं, की हाक मारून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवतात. खिळा मारायचा नाही, स्क्रू शक्यतो नाही. "फेविकॉल म्हणजे सुताराचा आळस," असं ते म्हणतात. बसच्या पायरीमागे फेविकॉलची पाच किलोची बादली आहे. तिच्यावर नेहमी गोणपाट टाकलेलं असतं.

हवेचं शास्त्र मात्र त्यांना खणानं शिकवलं. पलंगाखाली तीन खण, समोरून सफाईदार डोव्हटेल सांधे. एप्रिलात केले, इतके नेमके की ओढले की आतली हवा फुस्स करायची. नानांनी तो फुस्स आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून अमेरिकेतल्या भाच्याला पाठवला. तिकडे लोक शाळेच्या पिवळ्या बसमध्ये घरं करून राहतात, त्यांना म्हणे असा खण जमत नाही. जुलैत लाकूड फुगलं. फळी लांबीत जवळपास वाढत नाही, वाढते ती रुंदीत, आणि समुद्रालगतच्या दमट हवेत मनसोक्त वाढते. मधला खण अडकला. आत काकूंनी विश्वासानं ठेवलेली गॅसची वही आणि बँकेचं पासबुक. तो खण उघडला थेट दसऱ्याच्या सुमारास. आता नाना चौकटीतली फळी सैल ठेवतात, सरस न लावता, आणि जणू पूर्वीपासून हेच करत आलो अशा थाटात सगळ्यांना सांगतात, "लाकडाला श्वास घ्यायला जागा लागते." तिसऱ्या खणाची वेगळीच गंमत. तो चाकाच्या उंचवट्यासमोर आला आहे, म्हणून समोरून बघितला तर पुरा आणि ओढला तर वीतभर. काकू त्यात सुईदोरा ठेवतात.

पावसात आणखी एक होतं. वाडीची माती भिजली की एका अंगाचे चिरे खचतात. मग पलंगावर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसतो आणि नाना जॅक घेऊन चिखलात उतरतात. गेल्या श्रावणात त्यांचा मेहुणा हौसेनं बसमध्ये झोपला. सकाळी तो भिंतीकडच्या फटीत सापडला. नाना आधी पाणसळ बघायला धावले.

कामाला किती दिवस लागणार असं विचारलं की इतिहास येतो. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम 1737 साली सुरू झाली आणि किल्ला हाती आला 1739 च्या मे महिन्यात. "दोन वर्षं किल्ल्याला लागली, तेव्हा कुणी विचारलं नाही अजून किती दिवस म्हणून." दुसरा दाखला आगाशीच्या जहाजांचा. पोर्तुगीजांच्या काळात आपल्या गावात जहाजं बांधत, रानातला साग खाडीनं उतरवत, आणि ती जहाजं भर समुद्रात जात, तर त्या गावच्या माणसाला एक बेडरूम जमू नये? तिसरा दाखला खास एसटीचा. 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली तिची बॉडी लाकडीच होती. म्हणजे आपण बसमध्ये लाकूड घालत नसून तिला मूळ धर्मात परत आणतोय, असं नाना मानतात. 2021 साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा तर त्यांनी त्या आदेशाची छापील प्रत काढून पलंगाच्या उशाशी ठेवली. बसला चाकं नाहीत याची आठवण करून दिल्यावर म्हणाले, "धोरण मोठं आहे, चाकं किरकोळ आहेत."

थट्टा पुरे. एकदा संध्याकाळी मी गेलो तेव्हा नाना एकटेच पलंगाच्या उशाकडच्या फळीला अळशीचं तेल लावत होते. जुन्या बनियनची घडी तेलात बुडवायची आणि रेषेच्या दिशेनं लांब हात फिरवायचा. करड्या, भुरकट फळीतून बघता बघता मधाळ रंग वर आला, रेषा उठल्या, आणि त्यांच्या मधोमध चुंबकानं शोधलेल्या एका खिळ्याचा काळा डाग. तो डाग बुजवता आला असता. त्यांनी मुद्दाम उशाशी, नजरेसमोर येईल असा ठेवला होता. "हा त्या घराचा," एवढंच म्हणाले. टकटक करून बघायचा मोह मलाच झाला.

पलंग गेल्या महिन्यात पुरा झाला. आता गादी. तयार गादी बसणं शक्यच नव्हतं, कारण पलंग मागच्या कोपऱ्यात लांबीला लागून आहे आणि तो कोपरा गोल. नानांनी गादीवाल्याला वाडीत बोलावलं आणि पुठ्ठ्याचा साचा त्याच्या हातात दिला. त्यानं साचा उभा धरला, आडवा धरला, उन्हात धरून बघितला.

"नाना, यावर झोपणार कोण?"

"माणूस! तीन कोपरे सरळ आणि चौथा गोल. साच्याबाहेर दोन सूतही जायचं नाही."

गादीवाल्यानं सुतात मोजून कापूस भरायचं कबूल केलं. गादी आली. चारी बाजूंनी अशी बसली की नानांनी कडेनं पोस्टकार्ड घालून बघितलं, गेलं नाही. आळीतली माणसं जमली, पेढे वाटले गेले. काकू पहिल्यांदाच आपणहून बसमध्ये चढल्या. त्यांनी गादीवर हात फिरवला, बसून बघितलं, मान डोलावली. मग उठता उठता म्हणाल्या, "सगळं छान आहे हो. पण कापसाची गादी, उन्हं दाखवून उलटायला लागते. उलटली की हा गोल कोपरा कुठे जाणार?"

बसमध्ये कुणी बोललं नाही. नानांनी गादीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा गादीकडे. मनातल्या मनात त्यांनी ती लांबीतून उलटली, रुंदीतून उलटली. दोन्ही वेळा गोल कोपरा भलत्याच ठिकाणी जात असावा, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग कानामागची पेन्सिल काढली.

"म्हणजे उरलेले तिन्ही कोपरे गोल करायला हवेत," नाना म्हणाले. "गादीचे आणि पलंगाचेही."