झेड फॉर झोपे

स्टुटगार्ट, रविवार

ती. नाना आणि सौ. आई,

तुम्ही पाठवलेलं पार्सल आमच्या दारापर्यंत आलं आणि आल्या पावली माघारी गेलं. दराबा, शेवभाजीचा मसाला आणि आईंनी तळलेले केळ्याचे वेफर्स आता बऱ्हाणपूरच्या वाटेवर आहेत. पोचले की तुम्हीच खाऊन टाका, आमची वाट बघू नका.

झालं असं, की इकडे बिल्डिंगमध्ये घरांना सहसा नंबर नसतात. खाली बेलपाशी आडनावांची पाटी असते. पार्सलवाला खोक्यावरचं आडनाव पाटीवर शोधतो. सापडलं तर बेल वाजवतो, नाही तर ‘या नावाचं इथे कोणी राहत नाही’ असा शेरा मारून मोकळा होतो. आमच्या पाटीवर आहे झेड-ओ-पी-ई. खोक्यावर होतं जे-एच-ओ-पी-ई. त्या बापड्याच्या लेखी ही दोन वेगळी घराणी, सोयरीकसुद्धा जमणार नाही अशी.

नाना, तुम्हाला बोल लावत नाही. तुमच्या चिरंजीवांच्या दहावीच्या मार्कशीटवर जे-एचच आहे, पासपोर्टवर मात्र झेड. इकडे यायच्या वेळी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एक झोपे शिकलेला आणि दुसरा झोपे विमानात बसणारा. शेवटी स्टॅम्पपेपरवर ‘हे दोघे म्हणजे मी एकटाच’ असं लिहून द्यावं लागलं होतं, आठवतंय ना? आणि गंमत म्हणजे दोन्ही स्पेलिंगं बरोबरच. हिंदीवाल्या सरांनी झ ऐकला तो ‘झंडा’तला, म्हणून जे-एच. आपण म्हणतो तो झाडातला, झोपडीतला. त्याला झेड जवळचा. देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे गावात भांडण कधी दिसलंच नाही.

इंग्लंडात होतो तेव्हा तर कहर होता. शेवटचा ‘ई’ उच्चारायचा नाही हा त्यांचा शिरस्ता. दवाखान्यात नर्स दार उघडून पुकारायची, “मिसेस झोप!” मी तिथे खुर्चीत पेंगतच असायचे, त्यामुळे आज्ञा आहे की हाक, हे कळायला वेळ लागायचा. माझी सर्टिफिकेटं माहेरच्या नावाची, भोळे. त्याचं त्यांनी केलं ‘बोल’. म्हणजे माहेरी बोल आणि सासरी झोप. हे सांगायला इंग्रज कशाला हवा होता, असं तुमचे चिरंजीव म्हणतात. पुण्याचे एक काळे होते, त्यांच्या आडनावाची तिथे पालेभाजी झाली. माने म्हणजे घोड्याची आयाळ. त्यातल्या त्यात साने सुखी, कारण त्या स्पेलिंगचा इंग्रजीत अर्थ डोकं ठिकाणावर असलेला माणूस. आपल्या सांगवीचे नेमाडे लंडनच्या विद्यापीठात शिकवायला होते, तेव्हा त्यांना वर्गात काय हाक मारत असतील याचा विचार मी बरेचदा करते.

तरी भोळेचे हाल इंग्लंडात सुरू झाले असं म्हणता येणार नाही. आईंच्या तोंडी मी पहिल्या दिवसापासून ‘भोयेची पोर’. आपल्या लेवा बोलीत डोळ्याचा डोया होतो तिथे भोळ्यांची काय कथा. लग्नानंतर बऱ्हाणपुरात हिंदी फॉर्म भरले तर ळ गायब, राहिले भोले. एकदम शंकरच. हिंदीने लोकमान्यांचे ‘तिलक’ केले आणि सचिनचा ‘तेंदुलकर’. मी कोण लागून गेले?

परवा लेकीने वहीत हिशेब मांडला. पी-ए-टी-आय-एल. ए म्हणजे अ किंवा आ, टी म्हणजे त किंवा ट, आय म्हणजे इ किंवा ई, एल म्हणजे ल किंवा ळ. दोन गुणिले दोन करत गेलं की पाटील सोळा प्रकारे वाचता येतो. त्यातला खरा एकच, आणि तो कुठला ते ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळतं.

जर्मन माणूस ई गिळत नाही, ही त्याची पहिली भलाई. राणे राने होतात, पण निदान दोन अक्षरी राहतात. दुसरी भलाई, डब्ल्यूला तो सरळ व म्हणतो, त्यामुळे वाघुळदे मंडळी बऱ्यापैकी सुखरूप. पण जोशींचे योशी होतात, कारण जे म्हणजे य. जावळ्यांचे यावाले. चौधरींना आमच्या या दक्षिणेकडच्या भागात कौधारी म्हणतात. इथले लोक चीनलासुद्धा कीना म्हणतात, तिथे चौधरींनी रुसून काय होणार?

आणि आम्ही? आम्ही त्सोपे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान वळवली नाही. मग लक्ष देऊन ऐकलं. जीभ दातांना टेकवून म्हणतात तो हा झेड म्हणजे आपल्या चहातला च. चहा, चटणी, चमचा, चूल, सगळं स्वयंपाकघर त्यात आलं. उगीच त्यांना हसू नका. आपण तरी कुठे लिहून दाखवतो? ‘चार म्हशींचा चारा’ म्हणताना चारमधला च वेगळा आणि चाऱ्यातला वेगळा, आणि कागदावर दोघे जुळे भाऊ.

फोनवर नाव सांगायचं तर इकडे अक्षराला एकेक नाव जोडून सांगतात, ठरलेलं. जुन्या तक्त्यात झेडला त्साखारियास, ओला ओटो, पीला पाऊला, ईला एमिल. त्यातही राजकारण झालेलं आहे. १९३४ साली नाझींनी त्या तक्त्यातली ज्यू वळणाची नावं काढून टाकली, त्साखारियासच्या जागी त्सेपेलिन हे फुग्यासारखं हवाई जहाज बसवलं, नाथानचा उत्तर ध्रुव केला. २०२२ सालच्या नव्या तक्त्यात माणसांऐवजी गावं घेतली. त्यामुळे आता आपलं घराणं त्स्विकाउ, ऑफेनबाख, पॉट्सडाम, एसेन. ते पाहून लेकीने आपल्या लाइनीचा तक्ता केला: बी बऱ्हाणपूर, आर रावेर, एस सावदा, एन नेपानगर, के खंडवा. झेडपाशी गाडी अडली. बाबा म्हणाला झाशी घे. नकाशा उघडला तर झाशीसुद्धा जे-एच!

शेजारच्या आजीबाईंचं मला कौतुक वाटतं. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुमचं नाव तुमच्या घरी कसं म्हणतात? मग आरशासमोर उभं राहून ळचा सराव केला आणि आता ‘भोळे’ असं म्हणतात की जळगावात खपून जाईल. त्या स्वतः म्युलर. आईंनी व्हिडिओ कॉलवर त्यांना ‘मुळेबाई’ करून टाकलं, तेही त्यांनी हसत घेतलं.

आपल्या गावाने तर चारशे वर्षांपूर्वीच हे भोगलंय. १६१५ साली इंग्रज वकील सर टॉमस रो शहजादा परवेझला भेटायला आला आणि रोजनिशीत बऱ्हाणपूरचं ब्रामपोर करून गेला. पुढे गाव शिंद्यांचं झालं. साहेबांनी शिंद्यांचं जे स्पेलिंग केलं ते हिंदीने उचललं, सिंधिया झालं आणि राजघराण्याने ते चालवून घेतलं. राजाला परवडतं, त्याला बेलच्या पाटीवर नाव लावून पार्सलची वाट बघायची नसते.

म्हणून नाना, धाकट्या भावजींच्या बाळाच्या दाखल्यावर कुठलं स्पेलिंग टाकायचं, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. कुठलं शुद्ध, ते बघू नका. भावजींच्या आधारवर झेड आहे, झेडच टाका. जगाने त्याला झोप म्हणो की त्सोपे, तो मोठा झाला की तोंडाने सांगेल. कागदाला मात्र तोंड नसतं. हिंदीच्या रकान्यात ‘झोपे’ आहे ना, ‘जोपे’ नाही ना, तेही बघा. दाखला हातात पडला की नगर निगमच्या खिडकीशी उभं राहूनच वाचा, चष्मा लावून. घरी आणून वाचू नका.

तुमची सून